माणूस ओळखायची घाई

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. स्वारी खुशीत होती. प्रमोशन झालं, हाताखाली आठ माणसं आली. अभिनंदन वगैरे झाल्यावर हळूच म्हणतो, "मामा, तू इतकी वर्षं माणसं सांभाळलीस. माणूस पटकन कसा ओळखायचा, तेवढं सांग ना."

मी म्हटलं, "पटकन ओळखायचाच नाही."

त्याला वाटलं मामा थट्टा करतोय. थट्टा नव्हती, पण फोनवर नीट सांगताही आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट मिरवायला फार आवडते... "माणूस दारातून आत आला की मी ओळखतो, कसा आहे ते!" मीही हे म्हणत असे. वय वर्षं चोवीस. धुळ्याहून बी.कॉम. करून जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागलो होतो. जळगाव म्हटलं की लोकांना केळी आणि सोनं आठवतं, पण तिथल्या डाळ मिलही काही कमी नाहीत. तूर येते, चाळली जाते, तिला तेल-पाणी देतात, मग मोकळ्या जागेत उन्हात वाळवतात आणि नंतर ती मशीनवर चढते.

वाळवणीवर एक म्हातारबाबा होते. तूर पसरायची, पायाने वरखाली करायची, हे त्यांचं काम. पण दर थोड्या वेळाने थांबायचे, मूठभर तूर उचलायचे, एखादा दाणा दाताखाली धरायचे आणि नुसते उभे राहायचे. मी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल लावला. कामचुकार! त्यांना गोदामात पोती उचलायला पाठवलं आणि त्यांच्या जागी एक तरणा पोरगा लावला. तो अजिबात थांबायचा नाही. मी खूष.

पुढच्या आठवड्यात डाळीत तुकडा वाढला. एका लॉटला टरफलच सुटेना, दुसऱ्यात डाळ फुटून चुरी झाली. मालकांनी विचारलं, "वाळवणीवर कोण आहे?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तूर कमी वाळली तर टरफल धरून ठेवते, जास्त वाळली तर फुटते. ती नेमकी कधी उचलायची हे म्हातारबाबा दाताने ठरवत होते. मी ज्याला आळस समजलो, तेच त्यांचं खरं काम होतं!

त्यांना बोलवायला गेलो तर ते आलेच नव्हते. या वयात पाठीवर पोती झेपेनात, म्हणून आदल्याच दिवशी हिशोब घेऊन गावी निघून गेले होते. दोन दिवसांत मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता, "बाबा, हे काय करताय?"

त्या रविवारी एरंडोल-पारोळा करत एस.टी.ने धुळ्याला घरी आलो आणि वडिलांच्या दुकानात बसलो. आमचं लहानसं हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. वडील प्रत्येकाशी अहिराणीतच सुरुवात करायचे, "काय भाऊ, बरं शे ना?" उधारी थकली की दुसरे दुकानदार दुकानातच चारचौघांत बोलायचे. वडील सायकल काढून त्याच्या गावी जायचे, घरी बसायचे, चहा प्यायचे. पैशाचा विषय शेवटी. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. त्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "पैसा बुडवणारा आणि पैसा अडकलेला, दुकानातून दोघं सारखेच दिसतात."

पुढे भवरलाल जैन यांच्याबद्दल वाचताना मला हेच वाक्य आठवत राहिलं. वाकोदसारख्या खेड्यातला हा माणूस. 1963 साली त्यांनी हातगाडीवर रॉकेल विकून धंदा सुरू केला. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. पुढे पाईप आले, ठिबक आलं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सरी भरून पाणी देतात, त्याला थेंबाथेंबाने पीक जगेल हे कसं पटावं? "शेतकरी अडाणी आहे, नवं घेत नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण ते नाही म्हणणं म्हणजे अडाणीपणा नाही, वर्ष वाया जाण्याची भीती आहे. जळगावजवळच्या जैन हिल्सवर शेतकऱ्यांना उभं पीक दाखवायची पद्धत पडली, ती मला म्हणून महत्त्वाची वाटते. भीतीला भाषणाने उत्तर देता येत नाही, शेत दाखवावं लागतं.

आणि म्हणून ते कधी चुकले नाहीत असंही नाही. नव्वदच्या दशकात कंपनीने शेतीबाहेरचे बरेच उद्योग अंगावर घेतले, ते महागात पडले. ती चूक त्यांनी उघडपणे मान्य केली. 2008 च्या पद्मश्रीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. 2016 मध्ये ते गेले, तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं.

कारण मला ते जमलं नाही. डाळ मिलमध्ये मालकांना मी सांगितलं, "म्हातारबाबा काम सोडून गेले." वाक्य खरं होतं, आणि तरीही ते खोटं होतं. त्यांच्या गावाचं नाव मला ठाऊक होतं. एस.टी.ने तासाभराचा रस्ता. जाईन जाईन म्हणत राहिलो, गेलो नाही. आता ते असण्याची शक्यता नाही.

असो. भाच्या, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. पहिला महिनाभर कुणाबद्दलही मत बनवू नकोस. जो हळू काम करतो, जो गप्प बसतो, जो नाही म्हणतो, त्याच्याजवळ जाऊन बस आणि विचार, "हे असं का करतोस?" जाब विचारल्यासारखं नको, शिकायला आल्यासारखं विचार. आठातले एक-दोन खरोखर कामचुकार निघतीलही. निघू देत. ते महिन्याने कळलं तर फार नुकसान होत नाही. तूर दाताखाली धरणारा माणूस एकदा गेला की मात्र परत येत नाही.

आणि चुकलास, तर त्याच आठवड्यात जाऊन सांग. तासाभराचा रस्ता पुढे फार लांब होतो.