गुडघ्यातले इंजेक्शन : आराम नेमका किती?

सोयाबीनचे निंदण आणि कपाशीची वेचणी ही बुलढाणा जिल्ह्यात मुख्यतः बायकांची कामे. निंदताना दिवसभर उकिडवे बसायचे, वेचताना कमरेला ओटी बांधून वाकायचे. पन्नाशीनंतर यातल्या अनेकींना उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. पुणे जिल्ह्यातील भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली होती. अशा गुडघ्यांसाठी ‘ऑपरेशन नको, एक इंजेक्शन घ्या’ हा सल्ला मोहात पाडणारा आहे.

या इंजेक्शनांत असते ते हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी रेणूंची जाळी. जुना प्रकार हायलुरॉनिक आम्लाचा. हा पदार्थ सांध्याच्या नैसर्गिक वंगणात असतोच. औषधासाठी तो कोंबड्याच्या तुऱ्यातूनही काढला गेला. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. तो काही काळाने शरीरात विरघळून जातो. नवा प्रकार पॉलीॲक्रिलामाइडचा : ९७.५ टक्के पाणी आणि २.५ टक्के पॉलिमर. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या या जेलला २०२१ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. ते सांध्याच्या आतल्या अस्तरात रुजते आणि विरघळत नाही. दोन्हींपैकी कशानेही झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे मात्र सांगायचे बहुधा राहून जाते.

आराम किती पडतो? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२२ मध्ये हायलुरॉनिक आम्लाच्या चाचण्यांचा आढावा छापला. त्यातल्या २४ मोठ्या चाचण्यांत सुमारे नऊ हजार रुग्ण होते. वेदना शंभर मिलिमीटरच्या पट्टीवर मोजली, तर खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत फरक पडला जेमतेम दोन मिलिमीटरचा. रुग्णाला जाणवेल असा हा फरक नव्हे. उलट गंभीर दुष्परिणाम थोडे जास्त दिसले. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ही इंजेक्शने देऊ नयेत, असे सांगितले.

नव्या जेलची २३९ रुग्णांवरची डॅनिश चाचणी सांगते, की वर्षभरानंतर ते हायलुरॉनिक आम्लापेक्षा कमी ठरले नाही. पण ज्याचा स्वतःचा उपयोग दोन मिलिमीटर, त्याच्या बरोबरीला येणे हा फार मोठा पुरावा म्हणता येत नाही. शिवाय जे विरघळत नाही ते नको वाटले तर सहज काढताही येत नाही. त्यामुळे पैसे मोजण्याआधी ‘हे कोणत्या प्रकारचे जेल?’ एवढे तरी विचारायलाच हवे.

ज्याचा पुरावा भक्कम आहे ते उपाय साधे आहेत : मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, वजन कमी करणे, दुखऱ्या जागी लावायचे वेदनाशामक मलम. अडचण ही, की व्यायाम शिकवायला माणूस लागतो, आणि तो आठवड्यांमागून आठवडे करून घ्यावा लागतो. सिंदखेडराजा किंवा लोणारकडच्या खेड्यातल्या मजूर बाईला त्यासाठी दर वेळी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागत असेल, तर एकदाच टोचून घेणे तिला सोपे वाटणारच. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून या बाबतीत अपेक्षा ठेवायची, ती फिजिओथेरपी तालुक्यापर्यंत पोहोचवण्याची.

गुडघा पार झिजला असेल तर मात्र प्रत्यारोपणाला पर्याय उरत नाही. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याचा दर करांशिवाय ५४,७२० रुपये ठरला होता. शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयाचा खर्च त्यात धरलेला नव्हता.

निंदण तर थांबणार नाही. पण दोन ओळींमधले तण सायकल-कोळप्याने उभ्यानेही काढता येते. तेवढेच उकिडवे बसणे कमी होते.