कच्चं लिंबू

सहकारी खेळात समतोल कशाला हवा, असं म्हणणारे लोक मला वारंवार भेटतात. सगळे एकाच बाजूचे, कुणी कुणाला हरवत नाही, मग एखाद्याचे पत्ते फार जोरदार निघाले आणि दुसरा कमजोर पडला तर बिघडलं काय? त्याला जोडून आम्हा शिक्षकांना आणखी एक सल्ला मिळतो: मुलांसाठी आहे ना, मग सोपं करून टाका, जिंकली की खूश होतात. या दोन्ही गोष्टी मला साफ नामंजूर आहेत.

ज्या खेळावरून हे बोलतोय त्याचं नाव ईऑन्स एन्ड, २०१६ सालचा. पुण्यात नोकरी करणारा भाचा तो घेऊन आला. पत्त्यांवरचं इंग्रजी आमच्या मुलांना जड, म्हणून मी प्रत्येक पत्त्यावर चिठ्ठी चिकटवली, अर्धी मराठीत, अर्धी उर्दूत. एक ते चार जण मिळून एका शत्रूपासून शहर वाचवतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला दहा फुटकळ पत्ते असतात आणि मधल्या बाजारातून चांगले विकत घेऊन आपला कॅट वाढवायचा असतो. याला डेक-बिल्डिंग म्हणतात. २००८ च्या डॉमिनियन या खेळाने ही रीत रूढ केली, पण तिथे जो तो स्वतःपुरता.

पत्त्यांचं नाव निघालं की आपल्या घरांतून आवाज येतोच: "सर, बच्चे पत्ते खेलने कू मदरसे आते क्या?" सूरह माइदामध्ये मनाई जुगाराची आहे. इथे पैसा लागत नाही, डाव लावला जात नाही, कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात काही जात नाही. यावर कुणाला आलिमांशी चर्चा करायची असेल तर जरूर करावी. माझा मुद्दा पुढे आहे.

एकमेकांविरुद्धच्या खेळात कुणाकडे भारी पत्ते आले तर समोरचा हरतो, पण हरेपर्यंत लढतो तरी. सहकारी खेळात ज्याच्याकडे भारी पत्ते, तोच सगळं करतो आणि बाकीचे तिघे टाळ्या वाजवतात. हरल्याचं दुःखही त्यांच्या वाट्याला येत नाही, आणि जिंकलं कोण ते त्यांना मनातून माहीत असतं. लहानपणी विटीदांडूत, लपाछपीत धाकट्याला आपण 'कच्चं लिंबू' म्हणायचो. तो खेळायचा, पण बाद झाला तरी मोजायचा नाही. त्याला ते किती झोंबायचं हे धाकट्या भावांना विचारा. समतोल बिघडलेला सहकारी खेळ एक सोडून सगळ्यांना कच्चं लिंबू करतो, आणि वर हसत हसत करतो. म्हणून समतोलाची गरज तिथे जास्त.

खेळ सोपा केला की हा रोग वाढतो, कारण सोपा डाव एकट्याला पेलतो. मग बाकीच्यांना विचारायचं कशाला?

ईऑन्स एन्डच्या रचनाकारांनी यावर केलेले उपाय बघण्यासारखे आहेत. पाळी कुणाची, हे वेगळ्या पत्त्यांचा छोटा कॅट पिसून ठरतं. चौघे असतील तर चौघांचा एकेक पत्ता आणि शत्रूचे दोन. पुढे कोण येणार हे माहीत नसल्यामुळे स्वयंघोषित सेनापतीचे हुकूम दोन पाळ्यांत कोसळतात. आपला कॅट मात्र पिसायचाच नाही. वापरलेले पत्ते आपण ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने परत येतात, म्हणजे नशिबाला दोष देण्याची सोय फारशी उरत नाही.

सगळ्यात मला आवडलेला नियम असा. प्रत्येक खेळाडूला दहा जीव, शहराला तीस. कुणाचे दहाही संपले तरी तो बाहेर जात नाही, खेळत राहतो. पण त्यानंतर त्याला बसणारा प्रत्येक फटका शहराला दुप्पट बसतो. म्हणजे कमजोर साथीदाराकडे दुर्लक्ष केलं तर किंमत सगळ्यांनी भरायची, तीही दुप्पट. इथे दयेचा प्रश्नच नाही, सरळ हिशेब आहे. मग ज्या खेळाडूची करामत फक्त इतरांना बरं करण्याची आहे, ज्याच्यावर आमची पोरं पहिल्या दिवशी "ये तो किसी काम का नै" म्हणून हसली होती, त्याच्यासाठी तिसऱ्या डावात भांडणं लागली.

समतोल म्हणजे सगळ्यांना सारखी ताकद, असं समजणाऱ्यांनी जुनी गंजिफा बघावी. सावंतवाडीत ती आजही हाताने रंगवतात. मुघली गंजिफात आठ रंग, शहाण्णव पत्ते. मीर आणि वजीर सगळ्या रंगांत वर; पण त्यांच्याखाली चार रंगांत दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या चार रंगांत एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. एक्का तोच, रंग बदलला की त्याची किंमत बदलते.

आता शाळेत या. गटकार्य म्हणून पाच मुलांना एक तक्ता देतात. एक हुशार मूल लिहितं, चौघं स्केचपेनची टोपणं सांभाळतात, आणि गुण पाचही जणांना सारखे. याला आपण सहकार्य म्हणतो. आणि उर्दू माध्यमाच्या वर्गाबद्दल तर आधीच ठरलेलं असतं: यांना मराठी जड जाते, सोपे प्रश्न द्या, पास करा. हे प्रेमाने बोलणारी माणसं हिंगोलीपासून वसमतपर्यंत मला भेटली आहेत, आपल्या समाजातलीही. एका वहीत उजवीकडून डावीकडे आणि दुसऱ्या वहीत डावीकडून उजवीकडे लिहिणारी, घरी दखनी बोलणारी ही मुलं. यांना कच्चं लिंबू ठरवणारे तुम्ही कोण? पुढे तलाठ्याच्या परीक्षेत किंवा पोलीस भरतीत त्यांचा पेपर कुणी सोपा करणार आहे का?

मला प्रश्न अवघडच हवा आहे, फक्त असा की त्याचा एक तुकडा प्रत्येकाच्या हातात असेल. उतारा मराठीत, त्यातल्या अवघड शब्दांचे अर्थ दुसऱ्याजवळ उर्दूत, नकाशा तिसऱ्याकडे, आणि उत्तर कोण सांगणार हे चिठ्ठी टाकून. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते, त्यामुळे हुशार मुलाला शेजाऱ्याला शिकवण्यावाचून गत्यंतर नसतं.

"आणि हरली तर?" असं एका पालकांनी विचारलं. हरतात की. गेल्या महिन्यात सलग चार डाव हरली. पाचव्याला सहावीतली एक मुलगी, जी वर्गात तोंड उघडत नाही, सेनापतीला म्हणाली, "तू थांब, माझी पाळी आहे."