विमानाच्या आधीची गाडी



पीकपाणी हाती आले, देणीघेणी भागली, की घरात फिरायला जाण्याची भाषा सुरू होते. पूर्वी ही भाषा पंढरपूर, जोतिबा, फार तर काशीपर्यंत जायची. आता बचतगटाच्या बायका, भजनी मंडळे, दूध सोसायटीचे सभासद विमानात बसून थेट अंदमानला जाऊ लागले आहेत. सेल्युलर जेल डोळ्यांनी पाहावे, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडावे, नारळी-पोफळीच्या सावलीत चार दिवस काढावे, ही हौस वाईट नाही. जन्मभर ज्या माऊलीने चुलीपुढे आणि बांधावर दिवस काढले, तिला एकदा ढगांच्या वर न्यावे, यात पुण्यच आहे.

या सहलीची तिकिटे दोन-दोन महिने आधी निघतात. राहण्याची जागा ठरते. नवे लुगडे, नवी चप्पल येते. एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. मुंबईत उतरल्यावर वीस माणसांनी विमानतळापर्यंत जायचे कसे? कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले, "बघू तिथे गेल्यावर! मुंबईत काय गाड्यांना तोटा?"

गाड्यांना तोटा नाही, हे खरे. पण विमान म्हणजे आपली एसटी नव्हे. हात केला म्हणून थांबत नाही आणि चुकले तर मागून दुसरे येत नाही. देशातल्या प्रवासात बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या एक तास आधी सामान घेण्याची खिडकी बंद करतात. आत चढण्याचा दरवाजा साधारण पंचवीस मिनिटे आधी बंद होतो. स्वस्तात काढलेल्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. म्हणजे दादर ते विमानतळ या पंधरा किलोमीटरच्या हयगयीपायी वीस घरांची वर्षाची शिल्लक बुडू शकते. वर गावभर जन्माचे बोलणे होते, ते वेगळेच. म्हणून यावेळी त्या पंधरा किलोमीटरचाच विचार करू.

पहिली गोष्ट, विमानतळ कोणता ते बघा. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन दारे आहेत. टर्मिनल एक सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल दोन अंधेरीजवळ सहारला. एकातून दुसऱ्यात जायला गाडीच लागते. शिवाय पनवेलजवळ उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून गाडी ठरवू नका. विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा आकडा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचून घ्या, कारण टर्मिनल बदलतेही. विमान नवी मुंबईहून असेल, तर घाटावरून येणाऱ्यांनी दादरपर्यंत जाऊन उलटे यायचे कारणच नाही, पनवेललाच उतरावे. आधीपासून लालबाग-परळला मुक्काम असेल, तर शिवडीहून अटल सेतूची वाट जवळची आहे. तिथे टोल पडतो, तो भाड्यात धरलेला आहे की नाही, ते आधी विचारावे.

दुसरी गोष्ट, माणसे मोजा, मग बोचकी मोजा, आणि मगच गाडी ठरवा. समजा, तुम्ही वीस जण आहात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसे बसतात, तेव्हा पाच टॅक्सी झाल्या, असा हिशेब आपण करतो. पण टॅक्सीच्या डिकीत बहुधा गॅसची टाकी असते. मोठ्या बॅगा मावायच्या कुठे? सामानासकट तीनच माणसे धरा, म्हणजे सात टॅक्सी लागतील. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे ठरले. त्या हिशेबाने पंधरा किलोमीटरचे सुमारे ३१० रुपये होतात. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट, म्हणजे ३८७ च्या घरात. सात टॅक्सींचे झाले २,७०० रुपये. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि मग मिनीबसवाल्याला भाव विचारा. तो थोडे जास्त सांगत असला, तरी मिनीबसच बरी. सात टॅक्सी सात वाटांनी गेल्या, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कुणी टर्मिनल एकला, कुणी दोनला, आणि तिकिटांचा कागद तिसऱ्याच्याच खिशात!

मिनीबस घेतानाही आसनांच्या मापाने घेऊ नका. वीस माणसांना सतरा आसनांची गाडी 'चालवून घेऊ' म्हणणारा भेटतो, त्याला नमस्कार करा. वीस माणसे आणि वीस बॅगा, तर पंचवीसेक आसनांची गाडी लागते. मागच्या रांगेत सामान रचता येते. पाटी पिवळी आहे ना, तेही बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचे भांडण उभे राहते. आणखी एक. आपल्याकडे नडीला रिक्षा असते, पण दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागात रिक्षाला परवानगीच नाही. तेव्हा रिक्षाच्या भरवशावर राहू नका.

गावातून थेट एसटी नेता येईल का? येईल. आगारात 'प्रासंगिक करार' करून अख्खी गाडी मिळते. पण करारात भाडे गाडीचे असते, माणसाचे नव्हे. साध्या फेरीने गेलात, तर ७५ वर्षे पुरी झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट मिळते. गटात म्हातारी माणसे आणि बायका जास्त असतील, तर साध्या एसटीने दादर किंवा परळ गाठावे आणि पुढच्या टप्प्यासाठीच गाडी करावी, हे पुष्कळदा स्वस्त पडते. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून मगच ठरवा.

तिसरी गोष्ट, गाडी कुठे उभी राहणार, ते नक्की करा. अनेक गावांची लालबाग-परळच्या किंवा गिरगावच्या चाळीत गावकीची खोली असायची. गिरणीत कामाला गेलेली माणसे तिथे एकत्र राहायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पुढे कित्येक चाळींच्या जागी उंच इमारती झाल्या. पण ज्या गावांची खोली अजून आहे, त्यांना आदल्या रात्रीचा मुक्काम तिथे करता येतो. अडचण एवढीच, की चाळीच्या गल्लीत मिनीबस वळत नाही आणि गिरगावच्या वाड्यांत तर शिरतही नाही. म्हणून मोठ्या रस्त्यावरची, सगळ्यांना ठाऊक असलेली जागा ठरवा. लालबागला भारतमाता सिनेमा, गिरगावात ठाकूरद्वारचा नाका, अशी. 'दादर स्टेशनबाहेर' असे तर कधीच सांगू नका. दादरला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत. तुम्ही पूर्वेला आणि गाडी पश्चिमेला, असे झाले, म्हणजे बोचकी डोक्यावर घेऊन गर्दीचा पूल ओलांडत बसा. 'दादर पूर्व, अमुक दुकानासमोर' इतके नेमके सांगा.

वाटेचीही चौकशी करा. प्रभादेवीचा, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हापासून परळहून पश्चिमेला जायची वाट बदलली. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबते, हे मुंबईच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागच्या राजाच्या रांगा लागतात, तेव्हा त्या रस्त्यावर मोठी गाडी बोलावण्याचा विचार सोडून द्यावा. विसर्जनाच्या दिवशी गिरगावातही तेच.

दिवसाउजेडी विमान असेल आणि सामान बेताचे असेल, तर एक चांगली सोय झाली आहे. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी झाली. गिरगाव आणि दादर या दोन्ही ठिकाणी तिची स्थानके आहेत आणि ती जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांशी थांबते. रस्त्यावरच्या कोंडीचा तिला त्रास नाही. पण लालबागला ती नाही आणि रात्री ती बंद असते. पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही.

चौथी गोष्ट, वेळेचा हिशेब उलटा मांडा. समजा, विमान सकाळी सहाचे आहे. पाचला खिडकी बंद. गटात पहिल्यांदा जाणारी माणसे, म्हणून चारला दारात हजर. दारावर ओळखपत्र आणि तिकीट बघतात, तिथेच रांग असते. लालबागहून रात्री पाऊण तास धरा, म्हणजे सव्वातीनला गाडी हलली पाहिजे. सामान चढवायला अर्धा तास, म्हणजे पावणेतीनला सगळे रस्त्यावर. गाडीवाल्याला मात्र अडीचची वेळ द्या. त्या वेळी लोकलही बंद असतात, म्हणून तो आला नाही तर काय, याचा तोडगा हाताशी हवा. मुंबईतल्या एखाद्या गाववाल्याला सांगून दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. विमान सकाळी दहा-अकराचे असेल, तर रस्त्यावर कचेरीची गर्दी असते. तेव्हा पाऊण तासाचा दीड तास धरावा.

पाचवी गोष्ट, बोली कागदावर आणा. एकूण रक्कम, टोल, पार्किंग, रात्रीचा जादा आकार, थांबण्याचे पैसे, गाडीचा नंबर आणि चालकाचा नंबर, एवढे चिठ्ठीवर किंवा मोबाईलच्या निरोपात लिहून घ्या. इसार थोडाच द्या, बाकी पोहोचल्यावर. आदल्या दिवशी सांजेला एकदा आणि निघण्याआधी एकदा चालकाशी बोला. हा अविश्वास नव्हे, व्यवहार आहे. बैल विकत घेताना आपण दात बघतोच ना?

परतीचे आणि तिकडचेही आधीच ठरवा. अंदमानात पोर्ट ब्लेअरला, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम् झाले, उतरल्यावर नेणारी गाडी कोणाची, तिचा चालक हातात कोणती पाटी धरून उभा राहणार, हे विचारून ठेवा. तिकडे थंडीच्या दिवसांत पाच-साडेपाचलाच अंधारते, तेव्हा दुपारनंतर गाडी शोधत बसू नये. परत मुंबईला याल, तेव्हा माणसे थकलेली असतील. खासगी गाडी उतारूंना घ्यायला पार्किंगमध्ये थांबते, तिथवर थोडे चालावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चाकांची खुर्ची विमान कंपनीकडून आधीच मागून घेता येते.

आता शेवटची आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. गटाला एक मुकादम हवा. दिंडीला विणेकरी असतो, ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, वऱ्हाडाला एक खंबीर मामा असतो. गणपतीला लालबाग-परळहून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनी वर्षानुवर्षे अख्ख्या एसटी गाड्या ठरवून नेल्या, त्या याच रीतीने. यादी एकाकडे, पैसा एकाकडे, शब्द एकाचा. आपल्या गावाला ही रीत शिकवावी लागत नाही, फक्त विमानाच्या नावाने बिचकून ती घरी ठेवून जाऊ नये. मुकादम पुढारीच असावा असे नाही. बचतगटाची हिशेब ठेवणारी बाई हे काम पुष्कळदा जास्त चोख करते.

तिच्या वहीत वीस नावे, वीस आधारकार्डांची खूण, बॅगांचा आकडा आणि प्रत्येकाच्या घरचा नंबर असावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या खिशात टर्मिनलचे नाव आणि मुकादमाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. म्हाताऱ्या माणसाशेजारी एक तरणे माणूस बसवावे. विळी, चाकू, अडकित्ता हातातल्या पिशवीत नाही ना, हे बॅगा मिनीबसमध्ये चढवण्याआधीच बघावे. दारावर ते काढून घेतले, की आजीचा जीव हळहळतो.

आणि गाडीचा दरवाजा लावण्याआधी मुकादमाने मोठ्याने मोजावे. एक, दोन, तीन... वीस म्हटल्यावरच चालकाला सांगावे, "चला."