बोलणारे यंत्र आणि मुका बकरा

जून २०२२ मध्ये गूगलचे अभियंते ब्लेक लेमॉइन यांनी जाहीर केले की, कंपनीच्या ‘लॅम्डा’ या संगणक-प्रणालीला जाणीव आहे. पुरावा काय? आपल्याला बंद केले जाण्याची भीती वाटते, असे तिने लिहून दाखवले! कंपनीने दावा फेटाळला, पुढच्याच महिन्यात त्यांना कामावरून काढले. पण जगभर चर्चा पेटली. यंत्राला मन असेल का? त्याला हक्क द्यावेत का?

चर्चा जरूर करा. माझा सवाल वेगळा आहे. जो भीती शब्दांत सांगतो त्याच्यावर आपण विश्वास ठेवायला निघतो. जो थरथर कापतो, पाय रोवून मागे सरतो, त्याला मात्र ‘जनावरच ते, त्याला काय कळतंय’ म्हणून मोकळे होतो. हा कुठला इन्साफ?

असे यंत्र माणसांनीच लिहिलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता हे शिकते. भीतीची भाषा त्या मजकुरात आहेच. म्हणून बोलणे हा जाणिवेचा पुरावा नव्हे, आणि मुकेपणा हा जाणीव नसल्याचा पुरावा नव्हे. नाहीतर तान्ह्या बाळालाही वेदना नाहीत असे म्हणावे लागेल.

सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना यंत्र ठरवले. २०१२ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढून सांगितले की, जाणिवेला लागणारी मज्जारचना एकट्या माणसाची नाही. सस्तन प्राणी, पक्षी, ऑक्टोपस यांच्यातही ती आहे.

आम्हा मुसलमानांना त्यासाठी केंब्रिजपर्यंत जायची गरज नव्हती. प्राणी आणि पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अनआम सांगते. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. सुरीला धार लावा, जनावराला त्रास देऊ नका, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे.

मग ईदच्या आधी ट्रकमध्ये कोंबलेले, तहानेने व्याकुळ बकरे कुणासाठी येतात? एकाच्या डोळ्यांदेखत दुसरा कापणारे कोण?

वर्षभर पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर गप्प बसून फक्त ईदला ज्यांचे प्राणिप्रेम उफाळते, त्यांचे ढोंग मला दिसते. पण त्यांच्या ढोंगाने आमचा गुन्हा माफ होत नाही.

यंत्राच्या मनाचा निकाल लागेल तेव्हा लागो. बकऱ्याचे दुःख आज समोर उभे आहे. त्याला पाणी, सावली, आडोसा आणि धारदार सुरी मिळालीच पाहिजे. एवढेही जमत नसेल, तर कुर्बानी कशाची?