अर्जाच्या खिडकीपाशी अडलेल्या योजना

मुंबई (प्रतिनिधी) - शासकीय योजनांच्या यशापयशाची चर्चा बहुधा निधीभोवतीच फिरते. निधी मंजूर झाला की योजना गरिबांपर्यंत पोहोचली, असे गृहीत धरले जाते. शहरांत मात्र खरी अडचण त्याआधीच, अर्जाच्या खिडकीपाशी सुरू होते.

झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे अनेकदा भाडेकरार नसतो. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका अडते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे तर दिवसाची मजुरी बुडते. बांधकाम मजुरांची स्थिती याहून बिकट आहे. केंद्रीय कायद्यानुसार कल्याणकारी मंडळाचा लाभ घेण्यासाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असावे लागते. नाक्यावर उभा राहणारा मजूर आज एका ठेकेदाराकडे, तर उद्या दुसऱ्याकडे जातो. त्याने प्रमाणपत्र मागायचे कोणाकडे? ही पोकळी मग दलाल भरून काढतात.

ही कोंडी फुटू शकते, हे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने २०२४ मध्ये दाखवून दिले. जूनअखेर योजनेचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच अटी शिथिल करण्यात आल्या. अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका किंवा मतदार ओळखपत्र चालेल, पिवळे वा केशरी कार्ड असल्यास उत्पन्नाचा दाखला नको, असे ठरले. अर्ज भरून घेणाऱ्या अंगणवाडी सेविकांना प्रतिअर्ज ५० रुपये देण्याचेही जाहीर झाले. परिणामी दोन कोटींहून अधिक महिलांना लाभ मिळाला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, हे खरे. पण इच्छा असेल तर यंत्रणा धावू शकते, हेही सिद्ध झाले.

त्याच वेळी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दार अरुंदच राहिले. आजारी पुरुष, अनाथ मुले यांनाही सामावून घेणाऱ्या या योजनेत मासिक मदत तेवढीच, १,५०० रुपये होती. मात्र कौटुंबिक उत्पन्नाची वार्षिक मर्यादा लाडकी बहीणसाठी अडीच लाख, तर येथे सर्वसाधारणपणे अवघी २१ हजार रुपये होती.

घाईची दुसरी बाजूही पुढे आली. २०२५ च्या मध्यास सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचा लाभ छाननीत थांबविण्यात आला. पाठोपाठ ‘ई-केवायसी’ आली. त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आवश्यक होता. दोघेही हयात नसलेल्या महिला त्यात अडकल्या. अखेर त्यांची कागदपत्रे अंगणवाडी सेविकांमार्फत स्वीकारण्याची सोय करावी लागली. संकेतस्थळाने अडवलेले काम शेवटी माणसालाच सोडवावे लागले.

म्हणूनच अर्ज भरण्यास मदत करणे हा योजनेचाच भाग मानून त्यासाठी स्वतंत्र तरतूद व्हायला हवी. शासनाकडे आधीच असलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागितली जाऊ नये. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून राज्यात लागू आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारल्यास त्याचे लेखी कारण देणे या कायद्याने बंधनकारक आहे आणि अर्जदाराला अपिलाचाही हक्क आहे. मात्र खिडकीवरून ‘उद्या या’ एवढेच ऐकून परतणाऱ्याच्या हाती कागदच पडत नाही. मग तो अपील करणार तरी कशाविरुद्ध? नव्या योजनांच्या घोषणा करण्यापूर्वी शासनाने या प्रश्नाचे उत्तर शोधणे अधिक निकडीचे आहे.