दोन सह्यांचें करारपत्र

श्री आणि सरस्वती एका घरीं नांदत नाहींत, असें आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणत आले आहेत. औषधांच्या जगांत गेल्या पन्नास वर्षांत हें म्हणणें खोटें ठरलें, असें आतां मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतून बाहेर पडलेले चार शास्त्रज्ञ लहानशी जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढतात. त्यांच्यापाशीं विद्या असते, पैसा नसतो. दुसरीकडे एखादी जुनी औषधी पेढी असते; तिच्यापाशीं कारखाने, विक्रीचें जाळें आणि अमाप द्रव्य असतें, परंतु नव्या कल्पनांचा झरा आटत आलेला असतो. दोघांचा करार होतो आणि त्यांतून नवीं औषधें निपजतात. वर्तमानपत्रें ह्या प्रसंगाचें वर्णन लग्नसमारंभासारखें करतात. तसें असेल तर आमचा प्रश्न एकच आहे: ज्याच्या पैशानें मांडव उभा राहिला आणि ज्याच्याकडून शेवटीं आहेर वसूल व्हावयाचा, त्या जनतेला लग्नाच्या याद्या होतांना कोणी बोलावीत कां नाहीं?

प्रथम पूर्वपक्षाला न्याय देऊं. औषध शोधणें आणि औषध सिद्ध करून रोग्याच्या हातीं देणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोंचलेल्या दहा औषधांपैकीं सुमारें नऊ वाटेंतच गळतात. जें तरतें त्याच्या चाचण्यांवरहि कित्येक वर्षें आणि कोट्यवधि रुपये खर्ची पडतात. इतका दम लहान कंपनीला धरवत नाहीं. म्हणून अशा करारांत बहुधा तीन प्रकारचे पैसे ठरतात: सही होतांच विसार, चाचणीचा एकेक टप्पा पार पडला कीं एकेक हप्ता, आणि औषध बाजारांत आल्यावर विक्रीवर शेंकडा अमुक स्वामित्वधन. त्याच्या मोबदल्यांत मोठी पेढी औषधाचा मक्ता घेते. धोका वांटून घेण्याची ही रीत शहाणपणाची आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमची तक्रार कराराविरुद्ध नाहीं. करारांत जें लिहावयाचें राहून जातें, त्याविरुद्ध आहे.

हें स्पष्ट व्हावें म्हणून एकाच पेढीनें, एकाच औषधासाठीं, छप्पन्न वर्षांच्या अंतरानें केलेले दोन करार शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. औषधहि असें कीं, ज्याचें नांव आज मध्यम वर्गाच्या घराघरांत ठाऊक आहे. तें म्हणजे मधुमेहावरील इन्सुलिन.

१९२१-२२ मध्यें टोरांटो विद्यापीठांत बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या परिश्रमानें इन्सुलिन हातीं आलें. तें मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचें सामर्थ्य विद्यापीठापाशीं नव्हतें. म्हणून १९२२ सालीं इंडियानापोलिस येथील एलाय लिली ह्या पेढीशीं करार झाला. विद्यापीठानें तिला अमेरिकेपुरता मक्ता दिला खरा, परंतु तो एका वर्षाच्या प्रायोगिक मुदतीपुरता; मुदत संपतांच इतर कारखान्यांनाहि परवाने देण्याची मोकळीक आपल्या हातीं राखली. १९२३ च्या जानेवारींत शोधकांनीं पेटंटाचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्यांचा हेतु धन मिळविण्याचा नव्हता. दुसऱ्या कोणी ह्या औषधाची नाकेबंदी करूं नये, एवढाच होता. ह्या अटींनीं लिलीचें दिवाळें वाजलें काय? उलट इन्सुलिनच्या जोरावरच ती पेढी नांवारूपाला आली. सार्वजनिक हिताचें कलम घातलें कीं भांडवल पळून जातें, असें म्हणणारांनीं हें उदाहरण नेहमीं डोळ्यांपुढें ठेवावें.

आतां दुसरा करार. १९७३ मध्यें स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनीं परक्या जीवाचा जनुक जंतूंत बसवून वाढविण्याची युक्ति सिद्ध केली; त्या संशोधनामागें अमेरिकन सरकारचा पैसा होता. १९७६ सालीं बॉयर यांनीं रॉबर्ट स्वॉन्सन ह्या तरुण भांडवलदाराबरोबर जेनेंटेक ही कंपनी काढली. तोंवर इन्सुलिन गुराडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढावें लागे. १९७८ मध्यें जेनेंटेकनें सिटी ऑफ होप ह्या धर्मादाय वैद्यकीय संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या साह्यानें जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेतलें आणि त्याच वर्षीं त्याचा मक्ता लिलीला दिला. १९८२ सालीं त्याला अमेरिकेंत परवानगी मिळाली. जनुकविद्येच्या ह्या रीतीनें बनलेलें तें पहिलें औषध. विज्ञानाच्या दृष्टीनें हा पराक्रम अलौकिक आहे, ह्यांत शंका नाहीं. पण १९२२ च्या वेळीं मेजाच्या एका बाजूला विश्वस्ताच्या भूमिकेंतून विद्यापीठ बसलें होतें. १९७८ मध्यें ती खुर्ची रिकामी होती. एक वर्षाच्या मुदतीची ती अटहि तिच्याबरोबरच गेली. पुढें १९८० च्या ऑक्टोबरांत जेनेंटेकचे भाग विक्रीला निघाले तेव्हां पस्तीस डॉलरांचा भाग तासाभरांत अठ्ठ्याऐंशींवर गेला. कंपनीचें एकहि औषध तोंवर बाजारांत आलेलें नव्हतें!

ज्यांची सही करारावर असते त्यांचें पुढें काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. सिटी ऑफ होपला विक्रीवर शेंकडा दोन द्यावयाचे ठरलें होतें. इतरांना दिलेल्या परवान्यांच्या पैशांतील वांटा जेनेंटेकनें दिला नाहीं, अशी तक्रार घेऊन ती संस्था न्यायालयांत गेली, आणि २००८ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तिला मिळालेली तीस कोटि डॉलरांची भरपाई कायम केली. कॅलिफोर्निया विद्यापीठानेंहि वाढीच्या संप्रेरकाबद्दल जेनेंटेकवर दावा लावला होता. तो १९९९ सालीं वीस कोटि डॉलरांवर मिटला. म्हणजे करारांत ज्यांचें नांव होतें किंवा ज्यांच्या हातीं पेटंट होतें, त्यांना दाद मागतां आली. रोग्यानें मात्र कोणत्या कागदावर बोट ठेवून कोणापुढें उभें राहावें?

आणि दाद मागण्याची वेळ त्याच्यावर आली नाहीं असें नाहीं. त्याच जनुकविद्येवर उभारलेलें लिलीचें सुधारलेलें इन्सुलिन, हुमालॉग, १९९६ मध्यें निघालें तेव्हां अमेरिकेंत एका कुपीची छापील किंमत एकवीस डॉलर होती. २०१७ पर्यंत ती सुमारें दोनशें पंचाहत्तर झाली. कुपींतील औषध तेंच होतें. फक्त अंक बदलले. ह्यावर कोणी म्हणेल कीं, मधले दलाल आणि विमा कंपन्या सूट उकळतात, त्यामुळें छापील किंमत फुगते. म्हणोत बापडे! ज्या औषधाच्या किंमतीला कोठेंच बांध घातलेला नाहीं, तेथें ज्याचा हात पोंचतो तो ओंजळ भरून घेतो. ओंजळ कारखानदाराची कीं दलालाची, ह्यानें तहानलेल्याला काय फरक पडतो? शेवटीं २०२२ च्या अमेरिकन कायद्यानें सरकारी विमा असलेल्या वृद्धांसाठीं महिन्याला पस्तीस डॉलरांची मर्यादा घातली, आणि २०२३ मध्यें लिलीनें आपल्या प्रमुख इन्सुलिनांच्या छापील किंमती शेंकडा सत्तर उतरविण्याचें जाहीर केलें. जें वीस वर्षांच्या आक्रोशानंतर देतां आलें, तें आरंभींच कलमांत लिहितां आलें नसतें काय?

"सरकारी पैशांतून लागलेल्या शोधांवर सरकारचा हक्क राहतोच कीं!" असाहि एक युक्तिवाद आहे. १९८० सालच्या अमेरिकन कायद्यानें विद्यापीठांना अशा शोधांचीं पेटंटें घेऊन तीं खासगी कंपन्यांना देण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्यांत सरकारला प्रसंगीं हस्तक्षेप करून दुसऱ्यास परवाना देण्याचा अधिकारहि आहे. परंतु पुढील चाळीस वर्षांत किंमत उतरविण्यासाठीं तो एकदांहि वापरला गेला नाहीं. खुंटीवर टांगून ठेवलेल्या तलवारीला कोण भितो? हक्क कायद्याच्या पुस्तकांत असणें निराळें आणि त्या त्या औषधाच्या करारांत आंकड्यानिशीं असणें निराळें.

मुख्य आक्षेप उरतो तो असा: नफ्यावर बंधन आलें तर नवें औषध काढील कोण? ह्याचें उत्तर तर्कानें देण्याची गरज नाहीं. २०२० सालानें तें अनुभवानें दिलें आहे. त्या वर्षीं करोनावर दोन लशी जवळजवळ एकाच वेळीं झाल्या. जर्मनीच्या माइंझ येथील बायोएनटेक आणि अमेरिकेची फायझर यांनीं मार्चमध्यें हातमिळवणी केली. नफा निम्मा निम्मा ठरला. बायोएनटेकला जर्मन सरकारनें साडेसदतीस कोटि युरोंपर्यंत साह्य देऊं केलें. अमेरिकेशीं पहिला सौदा मात्रेला साडेएकोणीस डॉलर दरानें झाला, आणि २०२१ ह्या एका वर्षांत फायझरला ह्या लशीपासून सुमारें सदतीस अब्ज डॉलरांचें उत्पन्न झालें. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाची. तिच्यामागें मुख्यतः सार्वजनिक व धर्मादाय पैसा होता. ॲस्ट्राझेनेका कंपनीशीं भागीदारी करतांना विद्यापीठानें अट घातली कीं, साथ चालू असेपर्यंत नफा घ्यावयाचा नाहीं, आणि गरीब देशांकडून तो कधींच घ्यावयाचा नाहीं. हीच लस पुण्याच्या सीरम संस्थेनें कोविशील्ड ह्या नांवानें तयार केली. २०२१ च्या जानेवारींत आपल्या सरकारनें पहिली मागणी मात्रेला दोनशें रुपये दरानें नोंदविली. दोन लशींत गुणानें कोणती सरस, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. मुद्दा एवढाच कीं, अट घातली म्हणून काम अडलें नाहीं. २०२१ च्या नोव्हेंबरांत ॲस्ट्राझेनेकानें माफक नफा घेण्यास आरंभ केला, तेव्हांहि गरीब देशांचें अभय कायम राहिलें. तें कोणाच्या दयेनें राहिलें असें नव्हे, अगोदर ठरलें होतें म्हणून राहिलें.

हा विषय आतां दूर देशींचा राहिलेला नाहीं. रोग्याच्याच रक्तांतील पेशी काढून, त्यांत जनुक बसवून, त्या कर्करोगाशीं झुंजण्यास परत सोडावयाच्या, अशी एक उपचारपद्धति अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि नोव्हार्टिस यांच्या सहकार्यानें सिद्ध झाली. २०१७ सालीं तिची किंमत चार लाख पंचाहत्तर हजार डॉलर ठरली. तसलीच स्वतंत्र पद्धति पवईच्या आय. आय. टी. नें व परळच्या टाटा रुग्णालयाच्या मंडळींनीं सिद्ध केली. त्यासाठीं संस्थेच्या आवारांतच इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. २०२१ मध्यें हैदराबादच्या लॉरस लॅब्ज ह्या औषधी पेढीनें तिच्यांत भाग घेतला. २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारी मान्यता मिळाली. किंमत अमेरिकेच्या सुमारें दशांश आहे. ह्या कर्तृत्वाबद्दल महाराष्ट्रानें अभिमान बाळगावा तितका थोडा. तरीहि दशांश म्हणजे तीस लाखांच्या वर. राहतें घर विकल्यावांचून हा आंकडा किती कुटुंबांना गांठतां येईल?

म्हणून अभिमानाच्या भरांतहि विचारावयाचें तें विचारलें पाहिजे. आजचा हा दर कोणत्या कलमानें बांधलेला आहे, कीं तो केवळ आजच्या चालकांच्या सद्भावनेवर उभा आहे? सद्भावना वारसाहक्कानें जात नाहीं. भाग विकले जातात, पेढ्या विकल्या जातात, आणि नवा मालक फक्त कागद वाचतो. ज्या शोधांत कर भरणाराचा पैसा आहे, त्याच्या प्रत्येक करारांत निदान तीन गोष्टी असाव्या, अशी आमची मागणी आहे: किंमतीची मर्यादा, ठराविक मुदतींत औषध लोकांपर्यंत न पोंचल्यास हक्क संस्थेकडे परत येण्याची तरतूद, आणि करारपत्राची प्रसिद्धि. विद्यापीठांनीं व सरकारी खात्यांनीं मेजाशीं बसावें तें विकणाराच्या नव्हे, विश्वस्ताच्या भूमिकेनें.

टोरांटोच्या शास्त्रज्ञांनीं घेतलेला एक डॉलर हा कांहीं त्यागाचा देखावा नव्हता. ती जनतेच्या वतीनें केलेली तिसरी सही होती. ती सही पुनः करारपत्रावर येईपर्यंत विद्या आणि लक्ष्मी यांच्या मीलनाचे चौघडे कितीहि वाजोत, आपण अक्षता टाकण्याची घाई करूं नये.