गोलांचे गणित आणि मेंदूचा आजार

आरोग्याच्या सदरात फुटबॉलच्या सट्ट्याचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातली कावीळ हे आपले नेहमीचे विषय. पण जुगाराचे व्यसन हा आता केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या आजारांच्या यादीत त्याला दारू आणि अफूच्या शेजारी बसवले. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो व्यसनांतच आहे. मग डॉक्टरने यावर बोलायचे नाही तर कोणी?

आपल्याकडे सट्टा म्हटला की मटका आठवतो. मटक्याचा आकडा लावणारा निदान नशिबावर भिस्त ठेवी. स्वप्नात साप दिसला म्हणून अमुक आकडा, एवढेच त्याचे शास्त्र. हल्ली माझ्याकडे येणारे तरुण निराळे आहेत. शिकलेले, गणितात बरे, आणि बहुतेकांजवळ एक वही. वहीत इंग्लंड-जर्मनीच्या संघांची नावे, कोण घरच्या मैदानावर किती गोल करतो, कोण शेवटच्या पंधरा मिनिटांत खातो, सगळे शिस्तीत मांडलेले. "डॉक्टर, मी जुगार खेळत नाही, माझी पद्धत आहे," असे ते सांगतात. माझे स्पष्ट मत असे, की हे वाक्य आजाराच्या पहिल्या लक्षणांत धरावे.

या पद्धतींत तथ्य किती, ते आधी पाहू. गोलांवरचा सर्वांत चालणारा सट्टा 'अडीच गोलां'चा. सामन्यात एकूण तीन किंवा जास्त गोल होतील, की दोन किंवा कमी? अर्धा गोल कधी होत नाही, त्यामुळे बरोबरीची भानगड उरत नाही. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी २.६९. या सरासरीवरून हिशेब मांडला, तर तीन गोल होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी येते. नाणे उडवल्यासारखेच. नाणेफेकीत शंभराला दोनशे मिळाले तर तो न्याय झाला. बुकी देतो समजा १९०. दोन्ही बाजूंना शंभर शंभर लावून पाहा : दोनशे गेले, १९० आले. हे दहा रुपये कोणत्याही वहीने सुटत नाहीत. वही बुकीकडेही असते, आणि तुमच्यापेक्षा जाडजूड असते.

यावर हुशार मंडळी म्हणतात, आम्ही पैज लावून बसत नाही, आम्ही भावाचा व्यापार करतो. लंडनमध्ये २००० साली बेटफेअर नावाचा बाजार निघाला. तिथे ग्राहक एकमेकांतच पैज लावतात आणि सामना चालू असताना ती फिरवता येते. आपल्याकडचे बुकी ज्याला लगाई-खाई म्हणतात, तोच प्रकार. सामना सुरू होण्यापूर्वी 'कमी गोल' लावायचे. वीस मिनिटे गोल झाला नाही की भाव उतरतो, मग उलटी पैज घेऊन थोडा नफा खिशात घालायचा. पुष्कळदा जमतेही. पण एखाद्या दिवशी चौथ्या मिनिटाला गोल होतो आणि आठवड्याची कमाई एका फटक्यात जाते. त्यात दूरदर्शन संचावरचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते, आणि नफ्यातून बाजाराची दलाली कापली जाते ती वेगळी.

सर्वांत घातक पद्धत दुपटीची. शंभर हरले की दोनशे, मग चारशे. सात वेळा ओळीने हरलात तर १२,७०० रुपये गेले, आणि आठवी पैज १२,८०० ची. ती जिंकली तरी १९० च्या भावाने नफा ११,५२० च. म्हणजे जिंकूनही ११८० रुपये खड्ड्यात! आणि असे सात वेळा ओळीने होणे दुर्मीळ नाही. नाणेफेकीत त्याची शक्यता १२८ त एक. रोज रात्री खेळणाऱ्याला ती रात्र गाठतेच.

मग शहाण्या माणसाला हे कळत का नाही? कारण हा प्रश्न बुद्धीच्या पुढे गेलेला असतो. ठरलेल्या बक्षिसापेक्षा मिळेल-न-मिळेल अशा बक्षिसाने मेंदूतील डोपामिनची यंत्रणा अधिक चेतते. हुकलेला विजयसुद्धा जुगाऱ्याला पराभवासारखा वाटत नाही. 'जवळ आलो होतो' असे वाटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या प्रयोगात, थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे झालेले दिसले जे जिंकल्यावर होतात. ८८ व्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून बाहेर जातो, त्या क्षणी वही घेऊन बसलेल्याच्या डोक्यात काय होत असेल, याची कल्पना करा. शिवाय युरोपातले मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, हिवाळ्यात तर दीड वाजता सुरू होतात. जागरणाने विवेक आणखी सैल होतो. कोल्हापूरसारख्या गावात, जिथे फुटबॉल तालमींच्या रक्तात आहे, तिथे खेळासाठी जागणारे पुष्कळ. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. सामना संपल्यावर ते झोपतात. सट्टेवाला दुसऱ्या देशातला सामना शोधतो.

गोल ज्याचा धंदाच आहे, त्याची तरी सुटका होते का? इव्हान टोनी हा इंग्लंडचा आघाडीचा खेळाडू. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याने २० गोल केले, आणि त्याच हंगामात, मे २०२३ मध्ये, सट्ट्याच्या २३२ नियमभंगांसाठी त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. त्याला जुगाराचे व्यसन असल्याचे तज्ज्ञाने सांगितल्यामुळे शिक्षा कमी झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या सांद्रो टोनालीवर दहा महिन्यांची बंदी आली. त्याच्या शिक्षेत उपचारही होते. ज्यांना ड्रेसिंग रूममधली खबर असते त्यांची ही गत.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मी त्याचे स्वागतच करतो. पण दुकान बंद झाल्याने रोगी बरा होत नाही. उलट 'पोलिसांना कळेल' या भीतीने तो डॉक्टरपासूनही लपतो. या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशाची देवघेव करून देणाऱ्यांना आहेत. आणि रोग्याने सांगितलेले गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे.

घरच्यांनी काय पाहावे? पैशाबद्दल खोटे बोलणे, गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे, पैजेची रक्कम वाढत जाणे, थांबवले की चिडचिड, रात्रीची जाग. वडिलांनी एकदा कर्ज फेडले की पोरगा सुधारेल, ही आपल्या घरांतली समजूत मला फार घातक वाटते. उपचाराशिवाय फेडलेले कर्ज म्हणजे पुढच्या पैजेचे भांडवल. त्यापेक्षा बँकेचे व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्याच्या हाती द्यावेत आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. विचारांची सवय बदलणाऱ्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, काहींना नालट्रेक्सोनसारखे औषधही देतात. कर्जात बुडालेल्या रोग्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार रुजत नाहीत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो.

जाता जाता एक. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्या काही रोग्यांना, ज्यांनी आयुष्यात पत्ताही पिसला नाही, त्यांना उतारवयात एकाएकी जुगाराची ओढ लागते. तो औषधाचा परिणाम असतो. घरात असे कोणी असेल तर गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना आधी भेटा.